कडे की बेडी?

पौष महिन्यातील एक सकाळ. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. शाळेतील काही मुलांना बरोबर घेऊन मी फणसाडच्या अभयारण्याकडे निघालो होतो. रोह्याहून साळावकडे जाणारा रस्ता बराचसा कुंडलिकेच्या खाडीच्या कडेकडेने जातो. मुलांनी न्याहारी करावी म्हणून एका वळणावर आम्ही गाडी थांबवली. अर्ध्या तासात पुढे निघावे असा बेत होता. परंतु त्या दिवशी आम्ही फणसाडला पोहोचलोच नाही.

ओहोटी लागली होती. भिऱ्याच्या बाजूने डोंगर उतरून, कोलाड व रोहा मागे टाकून आलेली कुंडलिका येथे निव्वळ नदी उरत नाही. रेवदंड्याकडून समुद्र दिवसातून दोनदा तिच्या भेटीस येतो आणि दोनदा परत जातो. तो परत गेला की काठाशी काळाभोर, ओला, चकाकणारा चिखल उघडा पडतो. पहिल्या दृष्टीस त्या चिखलावर काहीच दिसत नाही. मग चिखलाचाच एखादा गोळा हलल्यासारखा वाटतो, त्याच्याशेजारी दुसरा हलतो, आणि पाहता पाहता सारा काठ जिवंत होतो. तुरुतुरु धावून एकदम थबकणारे चिखल्या, शेपटीकडचा भाग सारखा खालीवर करणारी तुतारी, मुठीत मावतील एवढाले टिलवे, लांब व खाली वाकलेली चोच चिखलात थेट मुळापर्यंत खुपसणारा कोरल, आणि तांबड्या पायांचे टिवळे. यांतील बहुतेक आपल्याकडे हिवाळ्यापुरते येतात. टिलव्याचा जन्म सैबेरियासारख्या, उत्तर ध्रुवाजवळच्या गोठलेल्या मुलखातला. टिवळ्याचे घरटे लडाखच्या दलदलीत असेल, नाही तर त्याहून पलीकडे, मध्य आशियातील एखाद्या सरोवराच्या काठी.

मुले आळीपाळीने दुर्बिणीतून पाहत होती. एवढ्यात एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, त्या टिवळ्याच्या पायात काहीतरी चमकते आहे.”

मी दुर्बीण घेतली. खरेच, एका टिवळ्याच्या तांबड्या पायात धातूचे बारीकसे कडे होते. त्यावरील अक्षरे वाचण्याइतके ते जवळ नव्हते, आणि आम्ही दोन पावले पुढे सरकताच तो टिवळा मोठ्याने शीळ घालून उडाला. त्याच्याबरोबर निम्मा काठही उडाला. कोणीतरी पक्ष्याला धरून त्याच्या पायात क्रमांक कोरलेले कडे घातले आहे, तो कोठून येतो व कोठे जातो हे कळावे म्हणून असे करतात, इतके मी मुलांना सांगितले. बाकीच्या मुलांना गंमत वाटली. ती मुलगी मात्र गंभीरच राहिली. ती म्हणाली, “म्हणजे त्याला बेडीच घातली की! त्याने काय केले होते?”

या प्रश्नाला त्या क्षणी मी काही तरी उत्तर दिले. ते मला स्वतःलाच पटले नाही. पुढे कित्येक दिवस मी त्याचा विचार करीत होतो, आणि आज माझे जे मत झाले आहे ते येथे मांडतो.

पक्षी ऋतूप्रमाणे येतात व जातात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पावसाळा आला की हंस मानससरोवराकडे निघतात, हे कालिदासाच्या ‘मेघदूता’त आहे. आपल्या अंगणात दिवाळीच्या सुमारास परीट पक्षी आला की थंडी आली असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. परंतु नेमका कोणता पक्षी, नेमका कोठून, कोणत्या वाटेने, हे कोणी सांगावे? युरोपात तर हिवाळ्यात दिसेनाशा होणाऱ्या पाकोळ्या तळ्याच्या तळाशी चिखलात झोपून राहतात, असे विद्वान लोकही शतकानुशतके मानीत आले होते. मग १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आरपार घुसलेला हातभर लांबीचा एक बाण होता, आणि बाणाचे लाकूड आफ्रिकेतील होते. आफ्रिकेत कोणीतरी त्याला बाण मारला आणि तो बाण मानेत घेऊनच तो हजारो मैल उडत घरी परतला होता! पेंढा भरलेला तो करकोचा जर्मनीतील रोस्टॉक येथील विद्यापीठात आजही आहे. पक्षी कोठे जातात याचा असा रोखठोक पुरावा माणसाच्या हाती आला तो एका मुक्या जीवाच्या यातनांतून.

या बाणाची आठवण मला पुन्हा पुन्हा येते. कारण पुढे जे कडे आले त्याने बाणाचेच काम केले, मात्र रक्त न सांडता. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावी मॉर्टेन्सन नावाचे एक शाळामास्तर होते. १८९९ साली त्यांनी ॲल्युमिनियमच्या हलक्या पट्टीची कडी तयार केली, त्यांवर क्रमांक व गावाचे नाव उमटवले, आणि १६५ मैनांच्या पायांत ती घालून त्यांना सोडून दिले. पक्ष्यांच्या वलयांकनाचे शास्त्र तेथून सुरू झाले. ते एका शाळामास्तरांनी सुरू केले याचा मला, मी शिक्षक असल्यामुळे, थोडा अभिमानही वाटतो.

आपल्या देशात हे काम मुख्यतः मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ने केले. ही संस्था १८८३ साली आठ जणांनी मिळून स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. १९२७ च्या सुमारास संस्थेने पक्ष्यांना कडी घालण्यास प्रारंभ केला. कड्यावर क्रमांक असतो आणि ‘मुंबईच्या संस्थेस कळवा’ अशा अर्थाचे चार इंग्रजी शब्द असतात. जगात कोठेही कोणालाही ते कडे सापडले तरी त्याने एक पत्र टाकावे, एवढीच अपेक्षा.

पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. १९२९ साली ते पक्षिशास्त्र शिकण्यासाठी जर्मनीस गेले, तेव्हा उत्तर समुद्रातील हेल्गोलंड बेटावर जाऊन कडी घालण्याची कला त्यांनी शिकून घेतली. परत आल्यावर नोकरी नव्हती. म्हणून ते राहिले ते आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम गावी. तेथे १९३० साली त्यांनी सुगरण पक्ष्यांचे जे निरीक्षण केले ते जगभर गाजले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच त्यात राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणू लागून दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हे त्यांनी दिवसचे दिवस घरट्यांसमोर बसून टिपले. पाहण्याने किती कळते याचे हे उत्तम उदाहरण आहे. परंतु हेही ध्यानात घ्या, की सुगरण तेथल्या तेथे राहणारा पक्षी आहे. जो पक्षी फाल्गुनानंतर हिमालय ओलांडून जातो, त्याच्यासमोर कोण कसा बसणार?

म्हणून कडे लागते. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. त्या माकडतापाचे विष उत्तरेकडून येणारे पक्षी तर आणीत नाहीत ना, अशी शंका आली. तिचा शोध घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सालिम अली व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर हजारो पक्ष्यांना कडी घातली. भरतपूरच्या पाणथळीत कडे घातलेला ‘रफ’ नावाचा एक पाणपक्षी पुढे सैबेरियाच्या पूर्व टोकाकडील याकुतिया प्रांतात सापडला. हे पक्षी जाळ्यात धरण्याचे नाजूक काम कोणी केले असेल? बिहारातील मीरशिकार लोकांनी. पिढ्यानुपिढ्या पक्षी धरून बाजारात विकणे हा त्यांचा धंदा. तेच हात आता पक्षी धरू लागले ते सोडून देण्यासाठी. मला या साऱ्या कथेतील हा भाग फार आवडतो.

कडे घालतात तरी कसे, ते आता पाहू. झाडीत, किंवा पाण्याच्या कडेला, केसासारख्या बारीक धाग्याचे उंच जाळे दोन काठ्यांच्या मध्ये लावतात. पहाटेच्या अंधूक उजेडात पक्ष्याला ते दिसत नाही. चिखलावरील पक्ष्यांसाठी बहुधा चंद्र नसलेली रात्र निवडतात. पक्षी जाळ्यावर येऊन आदळला की खालच्या झोळीत अडकतो. त्याला फार वेळ तसा ठेवायचा नसतो. म्हणून जाळ्यापाशी सारख्या फेऱ्या घालाव्या लागतात. ऊन चढले, वारा सुटला किंवा पाऊस आला, तर जाळे गुंडाळून ठेवतात. पक्ष्याला सोडवून कापडाच्या पिशवीत ठेवले की अंधारामुळे तो शांत होतो. मग त्याची मान तर्जनी व मधले बोट यांच्यामध्ये अलगद येईल अशा रीतीने तो हातात घेतात. पंखाची, चोचीची, पायाची लांबी मोजायची, पिसे जुनी की नवी ते पाहायचे, वजन करायचे, पायाच्या जाडीप्रमाणे कडे निवडून पक्कडीने त्याचे तोंड जुळवायचे. कडे पायावर सहज फिरले पाहिजे, परंतु निसटता कामा नये. वहीत नोंद झाली की मूठ उघडायची. टिलव्याचे वजन अवघे वीस-पंचवीस ग्रॅम असते. त्याच्या कड्याचे वजन ग्रॅमभरसुद्धा नसते. पक्ष्याच्या अंगावर जे काही चढवायचे त्याचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या शेकडा तीन ते पाचांहून अधिक होऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे.

आता त्या मुलीच्या बाजूने बोलू. पक्ष्याला जाळ्यात धरले की तो भितो, हे उघड आहे. क्वचित एखादा दगावतो, हेही लपवून चालणार नाही. अमेरिका व कॅनडा येथे जाळ्यात धरलेल्या सहा लाखांहून अधिक पक्ष्यांच्या नोंदी तपासून एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात हजारी दोन-तीन पक्षी दगावल्याचे आढळले. हजारांत दोन-तीन म्हणजे थोडेच, असे आपण म्हणू. त्या दोघा-तिघांना तसे म्हणता येणार नाही. याहून मोठा दाखला पेंग्विन पक्ष्यांचा आहे. त्यांच्या पायांचा आकार कडे घालण्याजोगा नसतो, म्हणून त्यांच्या पंखावर धातूची पट्टी बसवीत. राजपेंग्विनांवर दहा वर्षे चाललेला एक अभ्यास २०११ साली जाहीर झाला, तेव्हा असे दिसले की पट्टी नसलेल्यांच्या मानाने पट्टीवाले पक्षी कमी जगले आणि त्यांना पिलेही पुष्कळच कमी झाली. पोहताना ती पट्टी त्यांना नडत होती. तेथे कड्याची खरोखरच बेडी झाली होती! परंतु ही चूक शोधून काढली तीही शास्त्रज्ञांनीच, आणि आपल्याच हत्याराविरुद्ध साक्ष देण्यास ते कचरले नाहीत.

तेव्हा माझे मत असे, की कडे घालणे हे योग्यच आहे असे सरसकट म्हणता येत नाही आणि ते अयोग्य आहे असेही नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या पाहण्याने मिळते त्यासाठी पक्ष्याला हात लावू नये. ज्याचे हात शिकलेले नाहीत त्याने तर मुळीच लावू नये. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीवाचून रानपक्षी धरणे हा गुन्हाच आहे. छायाचित्र काढण्याच्या हौसेखातर घरट्याच्या फांद्या बाजूला सारणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा कडे घालणारा माणूस मला शतपटींनी दयाळू वाटतो, कारण त्याने पक्ष्याला जो त्रास दिला तो मोजला आहे, वहीत लिहिला आहे, आणि त्याच्या बदल्यात काय मिळवायचे हे आधी ठरवले आहे.

आणि काय मिळते? नागालँडमधील दोयांग जलाशयाची गोष्ट ऐका. शरद ऋतूत तेथे आमूर ससाणे लाखांच्या संख्येने उतरतात. २०१२ साली मासे धरण्याची जाळी बांधून तेथील लोकांनी हजारो ससाणे पकडल्याचे उघडकीस आले आणि देशभर हळहळ झाली. गावकऱ्यांनी शिकार बंद केली. पुढच्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी इवलीशी यंत्रे बसवली. त्यांची नावे त्या मुलखावरूनच ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांग्ती’ अशी ठेवली. ते ससाणे आपला देश ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता, आफ्रिकेत गेले. ज्या पांग्ती गावात कालपर्यंत ससाणे विकत, तेथील लोक आता ‘आमचा पांग्ती कोठे पोहोचला?’ म्हणून विचारू लागले. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीतही २०२२ साली सहा रोहित पक्ष्यांना अशी यंत्रे बसवली गेली. यंत्र फार महाग असते, कडे स्वस्त; म्हणून यंत्राच्या युगातही कड्याचे काम संपलेले नाही.

पक्ष्याच्या प्रवासाची वाट एकदा कळली की आपल्या दारातल्या जागेकडे पाहण्याची दृष्टी बदलते. खाजणातला चिखल सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून लिहिलेला असतो. पडीक जागा, कोणाच्या उपयोगाची नाही, भराव टाकून सपाट केली तर काही तरी होईल, असे बोलणे मी रोह्यात ऐकले आहे आणि पेणलाही ऐकले आहे. खारेपाटातील शेतकऱ्याबद्दल मी हे बोलत नाही. त्याच्या वाडवडिलांनी बांध घालून समुद्राच्या तोंडातून भातशेती काढली. बांधाला खांड पडली की त्याच्या वर्षाच्या अन्नात खारे पाणी शिरते. त्याचे दुःख पक्ष्यांच्या नावाखाली झाकू नये. परंतु जो चिखल आज उघडा आहे त्याला रिकामा म्हणणे हे मात्र अज्ञान आहे. त्यात किडे आहेत, शिंपल्या आहेत, खेकडे आहेत. त्यावर खाडीतला मासा वाढतो आणि कोळ्याची चूल पेटते. हजारो कोस उडून आलेल्या टिवळ्याला आपली झिजलेली चरबी येथेच भरून काढायची असते. ती भरली नाही तर वैशाखात लडाखात घरटे होणार नाही. कांदळवनांची तोड २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर बंद केली, ते उत्तम झाले. कांदळवनाला निदान झाडे असतात, म्हणून ती तोडताना डोळ्यांना दिसतात. उघड्या चिखलाची बाजू घेणारा मनुष्य मला क्वचितच भेटला आहे.

टिवळ्याच्या पायातले ते कडे ही बाजू घेते. सैबेरियातील किंवा कझाकस्तानातील कोणा अनोळखी माणसाने एक क्रमांक लिहून पाठवला आणि तो रोह्याच्या खाडीवर कोणी वाचला, तर ही जागा त्या माणसाच्याही ओळखीची होते. पण तो वाचणारा पाहिजे! कडे घातलेल्या शेकडो पक्ष्यांतून एखाद्याचीच बातमी परत येते. लहान पक्ष्यांच्या बाबतीत त्याहूनही कमी. बाकीचे सारे निरोप न वाचताच राहतात. तुम्हांला कधी असा मेलेला पक्षी आढळला, तर कड्यावरचा क्रमांक, अक्षरे, दिवस आणि जागा लिहून वडील माणसांकरवी मुंबईच्या संस्थेस कळवा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. जिवंत पक्ष्याच्या पायातले कडे मात्र कधीही काढण्याचा प्रयत्न करू नका. दुर्बिणीतून जेवढी अक्षरे दिसतील तेवढीच लिहून घ्या. अर्धा क्रमांकसुद्धा कधी कधी पुरतो.

पंधरा दिवसांनी, अमावास्या होऊन गेल्यावर, आम्ही पुन्हा त्याच वळणावर गेलो. अमावास्येनंतरही पौर्णिमेनंतरच्यासारखीच सकाळची ओहोटी मिळते, हा हिशेब मुलांनी स्वतः मांडला होता. ती मुलगी एक वही घेऊन आली होती आणि तिने पानावर रकाने आखले होते. दुर्बीण तिने जवळजवळ दोन तास कोणाला दिली नाही. शेवटी मला मध्ये पडावे लागले. कड्याचा टिवळा काही दिसला नाही. थंडीमुळे बरेच टिवळे एका पायावर उभे होते, दुसरा पाय पोटाच्या पिसांत ओढून. भरती चढू लागली आणि पक्षी उठून पलीकडच्या काठी गेले, तेव्हा मी तिची वही पाहिली. तिने लिहिले होते: ‘टिवळे एकवीस. तेरांचे दोन्ही पाय पाहिले, कडे नाही. आठांचा एकच पाय दिसला. ते आठ पुन्हा पाहावयाचे आहेत.’